हिरोसाकीचा विद्यार्थी : दाझाई ओसामू

दाझाई ओसामू हे नाव आता आपल्या कॅम्पसवरही अनोळखी राहिलेलं नाही. ‘नो लाँगर ह्यूमन’ या त्याच्या कादंबरीचं इंग्रजी भाषांतर कुणाच्या ना कुणाच्या बॅगेत असतंच. एका गाजलेल्या अ‍ॅनिमेत त्याच्या नावाचं एक देखणं पात्र आहे, आणि ते सारखं मरणावर विनोद करत असतं. त्यामुळे झालंय असं की बऱ्याच जणांना दाझाईबद्दल एकच गोष्ट ठाऊक असते : तो कसा मेला. त्याचा उदास फोटो, खाली एखादं वाक्य, झालं स्टेटस तयार! ते वाक्य पुष्कळदा त्याचं नसतंसुद्धा.

म्हणून मी या लेखात त्याचं एकही वाक्य देणार नाहीये. मला त्याच्या आयुष्यातली तीन वर्षं सांगायची आहेत, १९२७ ते १९३० ही. तेव्हा तो आपल्यापेक्षाही लहान होता, घरापासून दूर एका लहानशा शहरात भाड्याच्या खोलीत राहून शिकत होता, आणि मित्रांना गोळा करून एक साहित्यिक मासिक काढत होता. म्हणजे जवळजवळ आपल्यातलाच.

ते शहर म्हणजे हिरोसाकी. जपानच्या मुख्य बेटाच्या अगदी उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे, त्यातल्या त्सुगारू भागातलं हे जुनं किल्ल्याचं शहर. लोकवस्ती आज दीड-पावणेदोन लाखांच्या घरात. पश्चिमेला १,६२५ मीटर उंचीचा इवाकी पर्वत एकटाच उभा आहे. आकार फुजीसारखा, म्हणून तिथली माणसं त्याला त्सुगारू-फुजी म्हणतात. थंडीत बर्फ इतका पडतो की वाट काढण्यातच सकाळ जाते. सगळीकडे सफरचंदाच्या बागा. जपानात पिकणाऱ्या सफरचंदांपैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या हिरोसाकीचा. तिथल्या एका जुन्या जातीचं नाव चक्क ‘इंदो’, म्हणजे इंडिया! पण आपला त्यात काही संबंध नाही. एकोणिसाव्या शतकात तिथल्या शाळेत शिकवायला आलेल्या जॉन इंग नावाच्या अमेरिकन मिशनऱ्याच्या इंडियाना राज्यावरून ते पडलं, असं सांगतात.

दाझाईचं खरं नाव त्सुशिमा शुजी. जन्म १९ जून १९०९, हिरोसाकीच्या उत्तरेला असलेल्या कानागी गावात. अकरा भावंडांत हा दहावा. त्सुशिमा म्हणजे त्या भागातले बडे जमीनदार, आपल्याकडच्या भाषेत भाटकार. शेकडो कुळं त्यांची जमीन कसत आणि खंड भरत. वडील राजकारणात होते, पुढे ते वरिष्ठ सभागृहाचे सभासद झाले. त्यांनी १९०७ साली बांधलेला लाल छपराचा प्रचंड वाडा अजून आहे. आता ते संग्रहालय आहे आणि त्याला दाझाईच्याच कादंबरीवरून ‘शायोकान’ असं नाव दिलंय.

एवढ्या मोठ्या घरात शुजीच्या वाट्याला आईवडील फार कमी आले. आई आजारी, वडील तोक्योत. त्याला वाढवलं ते मावशीने आणि ताके नावाच्या एका मुलीने. ताके त्या घरी दाई म्हणून आली तेव्हा स्वतःच चौदाएक वर्षांची पोर होती. तिने त्याला वाचायला शिकवलं. त्याला घेऊन ती गावातल्या उनशोजी देवळात जायची आणि तिथली नरकाची चित्रं दाखवायची, खोटं बोललं की काय होतं ते समजावत. आपल्याकडे जुन्या घरांत पुर्गातोरीची चित्रं दाखवून मुलांना अशीच भीती घालत. मग एके दिवशी ताके लग्न होऊन निघून गेली. ही गोष्ट लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे. शुजी तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि थोरला भाऊ बुंजी घराचा कर्ता झाला.

माध्यमिक शिक्षण आओमोरी शहरात एक वर्ष आधीच आटोपून एप्रिल १९२७ मध्ये शुजीने हिरोसाकीच्या उच्च माध्यमिक विद्यालयात नाव घातलं. वय सतरा. त्या काळची ही विद्यालयं म्हणजे आपलं ज्युनिअर कॉलेज नव्हे. मोजक्या मुलांना प्रवेश मिळे, आणि तिथून पुढे सरळ विद्यापीठाचा रस्ता. गावात या मुलांचा मोठा रुबाब असे. फाटकी टोपी, लांब केस, खांद्यावर जुना झगा आणि तोंडात जर्मन तत्त्वज्ञांची नावं, अशी एकूण फॅशन. शुजी वाङ्मय शाखेत होता आणि त्याची पहिली परकी भाषा इंग्रजी होती.

पहिल्या वर्षाच्या मुलांनी होस्टेलमध्येच राहायचं असा दंडक होता. प्रकृती नाजूक असल्याचं कारण देऊन शुजी त्यातून सुटला आणि फुजिता नावाच्या नातेवाइकांकडे वरच्या मजल्यावर राहायला गेला. ते लाकडी घर आज जपून ठेवलेलं आहे. मूळ जागेपासून थोडं हलवलंय, पण खोली तीच आणि तो वापरत असलेलं टेबलही. मी हिरोसाकीला गेलेले नाही, खोलीचे फोटो मात्र पुष्कळ पाहिले. चटया घातलेली, खिडकीशी टेबल असलेली साधी खोली. आपल्यापैकी कुणाचीही असू शकते.

सुरुवातीला तो शहाणा विद्यार्थी होता. मग २४ जुलै १९२७ आला. त्या दिवशी त्याचा आवडता लेखक आकुतागावा र्‍युनोसुके याने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी स्वतःचं आयुष्य संपवलं. दोनच महिने आधी आकुतागावा आओमोरीला व्याख्यानाला आला होता आणि शुजी ते ऐकायला गेला होता असं मानतात. त्या बातमीचा त्याच्यावर किती परिणाम झाला हे त्याच्या वह्यांत दिसतं. वर्गात भरलेल्या त्या वह्या अजून आहेत. त्यांत समासभर चेहरे काढलेत, आणि आकुतागावाचं नाव पुन्हा पुन्हा, पुन्हा पुन्हा लिहिलंय. लेक्चर चालू असताना समासात नावं गिरवणं आपल्याला काही नवीन नाही. पण एका मेलेल्या लेखकाचं नाव इतक्यांदा गिरवणारा मुलगा आपल्या बाकावर असता तर आपण काय केलं असतं, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. बहुतेक फोटो काढून ग्रुपवर टाकला असता.

त्यानंतर शुजीने एकेक सोंग घ्यायला सुरुवात केली. हा शब्द मी मुद्दाम वापरतेय. आधी तो गिदायूच्या मागे लागला. गिदायू म्हणजे बाहुल्यांच्या नाटकाबरोबर शामिसेनच्या साथीवर कथा गाऊन सांगायचा प्रकार. शाळा सुटली की घरी न जाता तो एका बाईंकडे शिकवणीला जाई. कपडे पण बदलले. फाटक्या टोपीच्या फॅशनऐवजी जुन्या काळच्या रंगेल शहरी माणसासारखा नटूनथटून तो हिंडू लागला. सुट्टीच्या दिवशी आगगाडीने आओमोरी गाठायचा. तिथे त्याची ओयामा हात्सुयो या गेशाशी ओळख झाली. गेशा म्हणजे काय कुणी पोक्त बाई नव्हे, त्याच्याहून लहान असलेली गरिबाघरची मुलगी. या सगळ्याला पैसे कानागीच्या वाड्यातून येत होते.

मे १९२८ मध्ये त्याने मासिक काढलं. नाव ‘साइबो बुंगेई’, म्हणजे ‘पेशी साहित्य’ किंवा ‘साहित्याची पेशी’ असं काहीतरी. विद्यार्थ्यांचं मासिक असलं तरी तोक्योच्या लेखकांचं लेखन मिळवायची धडपड त्याने केली. त्यांत एक होते इबुसे मासुजी. पुढे तेच त्याचे गुरू झाले. मासिकाचे अंक निघाले फक्त चार, आणि सप्टेंबरपर्यंत सगळं बंद! आपल्या मंडळाचा अंक वेळेवर निघत नाही म्हणून ज्यांना वाईट वाटतं, त्यांनी हे वाचून थोडा धीर धरावा.

पण त्या चार अंकांत एक महत्त्वाची गोष्ट घडली. ‘मुगेन नाराकु’ म्हणजे ‘अथांग नरक’ या नावाने त्याने एक कादंबरी क्रमशः सुरू केली. तिचा विषय होता एक बाहेरख्याली, ढोंगी जमीनदार. ओळखीच्या माणसांना तो कोण हे सांगायची गरज नव्हती. ती पूर्ण झाली नाही. तरी ज्या घराच्या पैशावर मासिक निघत होतं त्याच घरावर तो लिहीत होता, आणि त्याला हे चांगलं कळत होतं.

इथे मला दाझाईचा खरा पेच सापडतो. त्या वर्षांत जपानी कॉलेजांमध्ये मार्क्सवादाची मोठी लाट होती. कुळांचं शोषण, जमीनदारांचा अंत, क्रांती, हे सगळं होस्टेलच्या खोल्यांत रात्र रात्र बोललं जाई. फेब्रुवारी १९२९ मध्ये मुख्याध्यापकांनी शाळेच्या पैशांत गैरव्यवहार केल्याचं उघडकीला आलं. मुलांनी संप केला आणि मुख्याध्यापकांना जावं लागलं. शुजीने नंतर त्या संपावर कथाही लिहिली. म्हणजे तो त्या सगळ्यात होता, आणि नव्हताही. ज्या वर्गाला जायला हवं असं मित्र म्हणत होते, त्याच वर्गात तो जन्मला होता. महिन्याला येणारी मनिऑर्डर त्याला परत करता येत नव्हती आणि सुखाने खर्चही करता येत नव्हती. आपल्याकडेही वर्गात समानतेवर निबंध लिहून घरी गेलं की स्वयंपाकघरात जमिनीवर बसून जेवणारी बाई दिसते, आणि आपण काही न बोलता पान वाढून घेतो. पेच तोच, फक्त शुजीला तो सोसला नाही.

१० डिसेंबर १९२९च्या रात्री, सहामाही परीक्षा दुसऱ्या दिवशी सुरू होणार होती तेव्हा, फुजितांच्या घरातल्या त्या खोलीत त्याने जीव द्यायचा प्रयत्न केला. वीस वर्षांचा होता. वाचला. आई त्याला घेऊन जवळच्या ओवानी गावी गेली. तिथे गरम पाण्याचे झरे आहेत. नवीन वर्ष उजाडेपर्यंत मायलेक तिथेच राहिले. मग तो शाळेत परतला, परीक्षा दिल्या आणि मार्च १९३०मध्ये पास होऊन बाहेर पडला.

कारण काय? आपण जमीनदाराच्या घरचे, म्हणून क्रांतीत आपल्याला जागा नाही, असं त्याने स्वतः पुढे लिहिलं. काही अभ्यासक परीक्षेकडे बोट दाखवतात, काही हात्सुयोच्या प्रकरणाकडे. मला कारणापेक्षा तो महिना जास्त महत्त्वाचा वाटतो. घरात सगळ्यांना कळलं होतं, शाळेत कुजबुज होती. त्याला विश्रांती मिळाली, पैसे मिळाले, आई काही दिवस मिळाली. पण जे झालं ते बोलून मोकळं व्हायला कुणी मिळालं असं त्याच्या चरित्रात कुठेच दिसत नाही. घराण्याचं नाव जपायचं म्हणून गोष्ट झाकली गेली. झाकलेली गोष्ट मात्र त्याच्याबरोबर तोक्योला गेली.

तोक्योचं मी भराभर सांगते, कारण इंटरनेटवर तेवढंच मिळतं. फ्रेंच येत नसताना फ्रेंच साहित्याला प्रवेश घेतला, पदवी कधीच मिळाली नाही. हात्सुयो त्याच्याकडे पळून आली. भावाने लग्नाला परवानगी दिली पण त्याला घरापासून वेगळं काढलं. त्याच नोव्हेंबरात कामाकुराच्या समुद्रकाठी त्याने पुन्हा तेच केलं, या वेळी तनाबे शिमेको नावाच्या एका तरुण मुलीबरोबर. ती बारमध्ये काम करायची. तो वाचला, ती गेली. दाझाईचे फोटो शेअर करणाऱ्यांपैकी किती जणांना शिमेको हे नाव ठाऊक आहे? त्याच्या दुःखावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत, तिच्यावर चार ओळी. एखाद्याचं मरण सुंदर करून दाखवलं की त्याच्या शेजारी मेलेलं माणूस दिसेनासं होतं.

१९३९ साली इबुसेंच्या मध्यस्थीने त्याचं इशिहारा मिचिको या शिक्षिकेशी लग्न झालं. मधली काही वर्षं खरंच बरी गेली. १९४०मध्ये त्याने ‘धाव, मेलोस!’ ही मैत्रीवर आणि दिलेल्या शब्दावर कथा लिहिली. ती आज जपानी शाळांच्या पाठ्यपुस्तकात असते. त्याच वर्षी यहूदाच्या तोंडून सांगितलेली एक कथाही लिहिली. धन्याला पकडून द्यायला आलेला यहूदा त्यात प्रेम आणि राग यांच्यामध्ये एका दमात बोलत सुटतो. दाझाईने बाप्तिस्मा घेतला नव्हता, पण बायबल मन लावून वाचलेलं होतं. मी लहानपणापासून पवित्र आठवड्यात यहूदाबद्दल ऐकत आले आहे, पण त्याची बाजू इतक्या जवळून कुणी ऐकवली नव्हती.

आणि मग १९४४. युद्ध ऐन भरात असताना एका प्रकाशकाने त्याला स्वतःच्या प्रांतावर पुस्तक लिहायला सांगितलं. मे महिन्यात तो निघाला आणि तीन आठवडे त्सुगारूभर हिंडला. त्यातून ‘त्सुगारू’ हे पुस्तक झालं. माझ्या मते दाझाई वाचायला सुरुवात करायची तर याच पुस्तकापासून करावी. यात तो हसतो, खातो-पितो, जुन्या मित्रांची थट्टा करतो, आणि हिरोसाकीवर तर चक्क भांडतो. आपलं शहर कसं अडेल, कसं गर्विष्ठ, तरी आपलंच, असा सगळा सूर.

त्यातली एक आठवण मला फार आवडते. विद्यार्थी असताना एका वसंतातल्या संध्याकाळी तो एकटाच हिरोसाकीचा किल्ला पाहायला गेला होता. किल्ला १६११ सालचा. मूळचा पाच मजली बुरूज वीज पडून जळाला, आताचा तीन मजली १८१०चा आहे. तिथल्या मैदानाच्या कडेला उभा राहून तो इवाकी पर्वत बघत होता, आणि अचानक त्याचं लक्ष खाली गेलं. पायाशी एक जुनं शहर शांत पसरलेलं होतं, दाटीवाटीने उभी लहान लहान घरं. तोपर्यंत त्याला वाटत होतं की किल्ला गावाबाहेर एकटाच उभा आहे. इतके दिवस इथे राहून हे आपल्याला दिसलंच नाही, या जाणिवेने त्याच्या अंगावर काटा आला. एवढीच आठवण. पण सोंगांमागून सोंगं बदलणाऱ्या त्या मुलाने एकदा का होईना, स्वतःला विसरून पायाखालचं गाव पाहिलं होतं, आणि पंधरा-सोळा वर्षांनीही ते त्याला आठवत होतं.

‘त्सुगारू’च्या शेवटी तो ताकेला शोधत कोदोमारी नावाच्या दूरच्या बंदरावर जातो. घराला कुलूप. ती शाळेच्या क्रीडादिनाला गेलेली असते. तो तिथे जातो, ती त्याला ओळखते आणि शेजारी बसवून घेते. दोघं काही न बोलता मुलांच्या शर्यती बघतात. तीस वर्षं ज्याला कुठेच स्वस्थ बसता आलं नाही, तो पुस्तकात इथे, त्या बाईशेजारी, स्वस्थ बसतो.

युद्धानंतरची कीर्ती मोठी होती, आणि आयुष्य पुन्हा घसरत गेलं. १९४७ची ‘मावळता सूर्य’ ही कादंबरी ओता शिझुको या बाईच्या डायरीवर उभी आहे. त्या दोघांना मुलगीही झाली. १३ जून १९४८ रोजी तोक्योच्या तामागावा कालव्यात त्याने यामाझाकी तोमिए हिच्याबरोबर जीव दिला. युद्धात नवरा गमावलेली बाई ती. मागे मिचिको आणि तीन मुलं राहिली. सगळ्यात धाकटी जेमतेम सव्वा वर्षाची होती. तीच पुढे त्सुशिमा युको या नावाने जपानची मोठी लेखिका झाली. दाझाईचा देह सापडला १९ जूनला, त्याच्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी.

आज हिरोसाकीत काय आहे? त्याच्या विद्यालयाच्या जागी १९४९पासून हिरोसाकी विद्यापीठ आहे, पाच विद्याशाखा आणि सहाएक हजार विद्यार्थी. परदेशी शिक्षकांसाठी १९२५मध्ये बांधलेलं घर कॅम्पसवर उभं आहे आणि आता त्यात कॅफे चालतो. शुजी रोज ज्याच्यावरून जायचा त्या घरात आजची मुलं कॉफी पितात. जपानात कॉलेज एप्रिलच्या सुरुवातीला उघडतं. तोक्योत तेव्हा साकुरा गळायला लागलेला असतो, पण या थंड गावात तो एप्रिलअखेरीला फुलतो. म्हणजे नवी मुलं जरा रुळली, ओळखी झाल्या की किल्ल्यातली अडीच हजारांवर झाडं बहरतात. ती इतकी भरघोस का, तर सफरचंदाच्या बागायतदारांकडून शिकलेली छाटणी तिथे वापरतात. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात नेपुताचे रंगवलेले कागदी कंदील रस्त्यावर निघतात. गावात १९१०चं लाकडी कॅथलिक चर्च आहे. आत चटया अंथरलेल्या, आणि वेदी १८६६ साली अ‍ॅम्स्टरडॅममधल्या चर्चसाठी घडवलेली. ती १९३९मध्ये इथे आली.

तोक्योत दरवर्षी १९ जूनला दाझाईच्या थडग्यापाशी वाचक जमतात. त्याच्या जन्मगावीही पूर्वी स्मृतिदिनच पाळत. पण १९९९पासून, कुटुंबाच्या इच्छेवरून, कानागीत तो दिवस जन्मदिवस म्हणून साजरा होतो. ज्या गावात माणूस जन्मला त्या गावाने त्याचं जन्मणं आठवावं, एवढंच त्यांचं म्हणणं. आपल्याकडे संतांचे सण बहुधा त्यांच्या मरणाच्या तारखेला असतात. सांजांव हा त्याला अपवाद. २४ जूनला आपण विहिरीत उड्या मारतो ते संत जॉनच्या जन्मासाठी. त्याच्या पाचच दिवस आधी कानागीत दाझाईचा वाढदिवस असतो.

शेवटी एक गोष्ट, लेखाबाहेरची नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री कुणाला शुजीसारखं वाटत असेल तर खोलीचं दार उघडा आणि कुणाला तरी हाक मारा. मित्र, सर, मॅडम, घरचं कुणी, कुणीही. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर रात्रंदिवस चालू असतो आणि त्यावर मराठीतही बोलता येतं. आणि ज्यांना दाझाई आवडतो त्यांनी यंदा १९ जूनला उदास फोटोऐवजी ‘त्सुगारू’ हातात घ्यावं. इंग्रजी भाषांतर मिळतं. ताके भेटते तिथपर्यंत तरी वाचा.